केबल तोडणाऱ्याला १० वर्षं कैद झाली, तर लोकांचा त्यात काय तोटा?

वैदेही
माझे बाबा घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात. गेल्या महिन्यात रात्री २ ला लाईट गेली ती सकाळी ११ ला आली. जमिनीखालची केबल कोणीतरी तोडली होती. आम्ही सिलिंडर लावला आणि मी ९ तास त्याच्या काट्याकडे बघत बसले. काटा लाल पट्ट्यात शिरला होता, तेव्हा कुठे लाईट आली. वीज, पाणी, फोन यांची नासधूस करणाऱ्याला किमान १० वर्षं कैद द्या, अशा अर्जावर मी दुसऱ्याच दिवशी सही केली. मैत्रीण म्हणते, अशा कायद्याची किंमत शेवटी लोकच मोजतात. मला पटत नाही. गुन्हेगार आत गेला तर माझं काय जातं? या कामातलं कोणी असेल तर समजावून सांगा.

जॉइंटरकाका
वैदेहीताई, ते ९ तास कसे गेले असतील याची मला कल्पना आहे. मी ३१ वर्षं भूमिगत केबलचे जॉइंट मारले. चोरांची बाजू घ्यायला मी आलेलो नाही. सबस्टेशनमधली अर्थिंगची तांब्याची पट्टी कापून नेलेली मी दोनदा पाहिली आहे. तिथे फॉल्ट झाला की करंटला जमिनीत उतरायला वाट राहत नाही, कुंपणाला हात टेकणारा माणूसही जाऊ शकतो. जाणूनबुजून हे करणाऱ्याची मला काडीची दया येत नाही.

पण मी जोडलेल्या केबलींपैकी चोराने तोडलेल्या फार थोड्या. बाकीच्या खोदकामात तुटलेल्या. समुद्राखालच्या केबलींचंही तेच, जगभरात वर्षाला १५० ते २०० बिघाड होतात आणि त्यातले बहुतेक मासेमारीची जाळी नि जहाजांचे नांगर यांच्यामुळे.

एक रात्र सांगतो. ११ केव्हीची केबल गेली होती, धो धो पाऊस. थंपर लावला, म्हणजे केबलमध्ये जोराचे विजेचे झटके सोडून बिघाडाच्या जागी आवाज काढणारं यंत्र, जमिनीवर पालथा पडून कान लावला, धप्प आवाज आला तिथे खणलं. केबल फुटली होती ती जागा काळी पडलेली, पण तिच्या कडेला चिकटपट्टीचे वेढे शिल्लक होते. घरातल्या वायरीला लावतात ती साधी काळी पट्टी. खाली शीथ, म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण, चिरलेली, आर्मरच्या, म्हणजे त्याखालच्या धातूच्या चिलखताच्या, दोन पट्ट्या आत दबलेल्या आणि गंजलेल्या. म्हणजे कधीतरी खोदताना यंत्राचा दात लागला होता. ज्याच्या हातून लागला त्याने घाबरून पट्टी गुंडाळली, माती लोटली आणि तो निघून गेला. मग आत पाणी झिरपत राहिलं. लागल्या दिवशी आम्हाला सांगितलं असतं तर लाईन बंद घेऊन दीड-दोन तासांत शीथ दुरुस्त झाली असती. त्याऐवजी तुकडा कापून टाकला, दोन्ही बाजूंना जॉइंट मारले, पहाटेपर्यंत एक अख्खं हॉस्पिटल जनरेटरवर चाललं.

ते खोदकाम करणारा ऑपरेटर मला पुढे दुसऱ्या एका कामावर भेटला. पोरगा होता. खाली बघून म्हणाला, "काका, मुकादम म्हणाला, तोंड उघडलंस तर आत जाशील."

शिक्षा जितकी मोठी, तितकी माती घाईने लोटली जाते. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी खड्ड्यात उतरून शिकलोय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला १९९४ मध्ये एका खोदकामात पेट्रोलच्या पाइपलाइनला मार बसला. पाइप त्या दिवशी फुटला नाही, १० जून १९९९ ला फुटला. जवळजवळ ९ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात गेलं, पेटलं, तीन मुलं गेली. त्यातली दोन दहा वर्षांची. बेल्जियममध्ये गिलेंगियाँला ३० जुलै २००४ ला गॅसच्या पाइपलाइनचा स्फोट झाला, तोही आधी बांधकामाच्या यंत्राने जखम केलेल्या पाइपचा. २४ माणसं गेली.

जुन्या लोकांना हे कळत होतं. समुद्री तारांसाठी पॅरिसला १८८४ मध्ये करार झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने तार तोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. पण सातवं कलम बघा. तार वाचवण्यासाठी ज्याने आपला नांगर किंवा जाळं सोडून दिलं आणि तसं सिद्ध केलं, त्याला तारेच्या मालकाने भरपाई द्यायची. नांगर अडकला तर ओढत बसू नकोस, सोडून दे, तुझं नुकसान आम्ही भरून देतो! आजच्या अर्जांमध्ये हे सातवं कलम कुठेच नसतं. तुम्ही सही केली त्यात होतं का?

फौजदारी वकील
काकांच्या म्हणण्याला कोर्टाच्या बाजूने जोड देते. किमान शिक्षा कायद्यात बांधली की गुन्हा कबूल करून मोकळं होण्याचा मार्ग बंद होतो. ज्याने केलं तोही शेवटपर्यंत लढतो. प्रत्येक तारखेला लाईनमन, इंजिनिअर, पंच साक्षीला येऊन बाहेर बाकावर बसतात. जामीन अवघड होतो, मग खटला उभा राहीपर्यंत आरोपी आतच. त्या सगळ्याचा खर्च करांतून जातो, आणि केबलची दुरुस्ती बिलांतून.

दुसरं म्हणजे व्याख्या पसरत जाते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाने २०१७ मध्ये असा कायदा केला. मुद्दाम नुकसान केलं तर किमान १ लाख डॉलर दंड किंवा १० वर्षांपर्यंत कैद. इथपर्यंत ठीक म्हणू. पण नुकसान करण्याच्या इराद्याने नुसतं आवारात शिरलात तरी किमान १० हजार डॉलर दंड किंवा एक वर्ष कैद, आणि कटात सामील ठरलेल्या संस्थेला दंड दसपट. पाइपलाइनविरोधातल्या मोठ्या आंदोलनानंतर हा कायदा आला. निदर्शनं भरवणाऱ्या लहान संस्थेला एका सभासदाच्या करणीपायी दिवाळं निघायची भीती असेल, तर ती निदर्शनंच भरवणार नाही. हा तोटा कुठल्या हिशेबवहीत दिसत नाही, म्हणून मला तो जास्त खुपतो.

भंगारवाला
चोरीबद्दल माझ्याकडून ऐका. तांबं विकलं गेलं नाही तर कोणी चोरणार नाही. जाळून आवरण काढलेली तार हातात घेतली की काजळी बोटांना लागते, वास येतो. दुकानदाराला सगळं कळतं. इंग्लंड-वेल्समध्ये ३ डिसेंबर २०१२ पासून भंगार रोखीने घेण्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी परवाना आणि विकणाऱ्याची ओळख तपासणंही सक्तीचं झालं. चोऱ्या पुष्कळ कमी झाल्या. माझ्यासारख्यांना वही नीट ठेवायचा त्रास होतो, मी तो आनंदाने करीन.

वैदेही
काका, काल चौकशी केली. आमची केबल चोराने नव्हती तोडली, नळाच्या कामात तुटली होती. तोडणारा न सांगता पळाला, म्हणून जागा सापडायलाच पाच तास गेले. सही मागे घेऊ का?

जॉइंटरकाका
मागे घेऊ नका. त्याच लोकांना लिहा की मुद्दाम केलेलं आणि चुकून झालेलं वेगळं काढा, आणि जो लगेच कळवतो आणि जागेवर थांबतो त्याला कैद नाही, हे कायद्यातच लिहा. तुमचे ते पाच तास त्यांना सांगा, माझ्या ३१ वर्षांपेक्षा त्यांना ते लवकर कळतील.

आणि बाबांचं नाव वीजवाल्यांकडे लेखी देऊन ठेवा. घरी असं यंत्र असलेल्यांची यादी ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. दुसरा सिलिंडर भरलेलाच ठेवा. त्याची चावी दोरीने सिलिंडरच्या मानेलाच बांधा, अंधारात पहिल्यांदा तीच सापडत नाही.