मदत हवी आहे: चेन सॉ गरम झाला की लाकडात मरतो

वाडीवाला (दापोली)
मशीन थंड असताना झकास चालतं. दोन-तीन काप झाले की आवाज पडतो, लाकडात घातलं की बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा एका ओढीत चालू. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर धुतला. फणस अंगणात आडवा पडलाय, सुतारकाका रविवारी फळ्या मारायला येणार आहेत. लवकर सांगा.

खाडीकाठ
मशीन कुठलं? किती सीसी? ऑईल किती घालता? अंतर्ज्ञान नाही हो आम्हाला.

वाडीवाला
साधंच, ५८ सीसी, चेन फिरते तो पट्टा २२ इंची. पेट्रोलच्या लिटरला २० मिली टू-टी ऑईल.

अण्णा_टूस्ट्रोक
इथेच घोळ. ५८ सीसीच्या स्वस्तातल्या मशीनला लिटरला ४० मिली, म्हणजे २५ ला १. वीस वर्षं हेच घालतोय.

खाडीकाठ
अण्णा, ऑईल वाढवलं की तेवढंच पेट्रोल कमी जातं, मिश्रण उलट पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. चांगलं ऑईल असेल तर ५० ला १ पुरतं.

अण्णा_टूस्ट्रोक
चांगलं ऑईल कुठे मिळतं ते सांगा आधी. आमच्या बाजारात रिक्षाचंच मिळतं.

मालवणी_गजाली
सगळे ऑईलात बुडाले. चेनीक धार आसा काय ता कोण इचारीत नाय. भुसो पिठासारखो पडता काय रे? मगे धार मेली. माडाक लावलं आसशीत, माडान चेन बोथट जाता.

वाडीवाला
धार कालच काढली, ४.८ ची कानस. चांगल्या चिपा निघतात. पोफळी तर लोण्यासारखी कापली.

पेठकरी
पेट्रोल कधीचं आहे? आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्या दमट हवेत ते पाणी ओढून घेतं. काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर फेकून द्या. इथेनॉलने कार्बोरेटरचा पडदाही कडक होतो.

वाडीवाला
पेट्रोल परवाचंच. भाचा म्हणतो त्याने सायलेन्सर मोकळा केल्यापासून पॉवर वाढली आहे, त्यामुळे तिकडचा प्रॉब्लेम नसणार.

खाडीकाठ
थांबा. सायलेन्सर मोकळा केला म्हणजे काय केलं?

वाडीवाला
व्हिडिओ बघून दोन भोकं पाडली, आतली जाळीही काढली. आवाज जबरदस्त येतो. गणपतीत केलं होतं.

खाडीकाठ
आणि कार्बोरेटरचा एच स्क्रू, पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा?

वाडीवाला
त्याला हात नाही लावला. फॅक्टरी सेटिंग आहे ना.

खाडीकाठ
हीच गोष्ट पहिल्या ओळीत लिहायची होती! धूर मोकळा निघायला लागला की इंजिन हवा जास्त ओढतं, पेट्रोल मात्र तेवढंच. मिश्रण पातळ, इंजिन गरम, पिस्टन फुगतो आणि घासतो. त्यात इथेनॉलवालं पेट्रोल, त्याला मुळातच जास्त इंधन लागतं. आता मशीन अजिबात चालवू नका. सायलेन्सर काढा, भोकातून टॉर्च मारून पिस्टन बघा.

पेठकरी
म्हणजे माझं इथेनॉल बरोबर होतं.

खाडीकाठ
अर्धं.

वाडीवाला
काढला. सायलेन्सरच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे आहेत, नखाला लागतात. रिंग एका जागी चिकटल्यासारखी. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत आहे.

खाडीकाठ
फक्त सायलेन्सरच्या बाजूला म्हणजे गरमीने किंवा ऑईल कमी पडल्याने. कार्बोरेटरच्या बाजूला असते तर फिल्टरमधून धूळ गेली म्हणालो असतो. सिलिंडर उतरवा. पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलं असेल तर ते निघतं, पण भिंतीवरचा कठीण मुलामा गेला असेल तर पिस्टन-सिलिंडर किट घ्या. ५८ सीसीचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, बहुतेक ४५.२ मिमी असतं, तरी स्वतः मोजून घ्या.

अण्णा_टूस्ट्रोक
किटला पैसे कशाला? गाडीवाल्याकडे बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करून घ्या, ओव्हरसाइज पिस्टन टाका. आम्ही स्कूटरचं असंच केलं.

खाडीकाठ
अण्णा, स्कूटरला बिडाचा स्लीव्ह असायचा. इथे ॲल्युमिनियमवर कठीण मुलामा आहे, बोअर मारलं की तो उडाला.

वाडीवाला
मग नवं किट टाकून भोकं तशीच ठेवू? पॉवर सोडवत नाही.

खाडीकाठ
जाळी परत बसवा, वाळलेल्या पातेऱ्यात ठिणगी पडायला नको. एच स्क्रू थोडा डावीकडे सोडा. पूर्ण रेसला, लाकडात नसताना, इंजिन थोडं अडखळत बडबडायला हवं आणि कापात घातल्यावर आवाज साफ व्हायला हवा. हवेत वरचा सूर किंचाळत असेल तर अजून सोडा. त्याआधी कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या गॅस्केटची हवा गळते का ते बघा, नाहीतर नव्या पिस्टनचंही तेच होईल.

हिरवी_वाट
फणस तोडायची परवानगी घेतलीत का? १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे.

वाडीवाला
तोडला नाही हो. निसर्ग वादळात अर्धा उपटला होता, तेव्हापासून वाळत होता. परवा आपोआप पडला.

मालवणी_गजाली
रविवार टळलोच. सुतारकाकाक फोन कर. आणि फळयो रुंद निघाल्यो तर एक माका देव्हाऱ्यासाठी ठेव, भाव काय ता सांग.