प्रमाणपत्राआधी एक फोल्डर लावून बघा

माहिती आणि ज्ञान व्यवस्थापन शिकायचं तर आधी प्रमाणपत्र घ्यावं की कामातूनच शिकावं, असा प्रश्न अनेकांना पडतो. माझं मत विचाराल तर दोन्ही करा, पण सुरुवात कामापासून.

आपल्याच टीमचा एखादा सामायिक फोल्डर उघडा. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम नवीन २' अशा फायली शेजारी शेजारी दिसतील. यातली मंजूर कोणती, कोणी मंजूर केली, किती वर्षं ठेवायची? ही उत्तरं शोधताना आवृत्त्या, मेटाडेटा (फाईल कोणाची, कधीची अशी तिच्याबद्दलची माहिती) आणि जतनाचा कालावधी हे तिन्ही विषय आपोआप हाताखालून जातात. मग नोंदींच्या व्यवस्थापनाचं आयएसओ १५४८९ हे मानक (२००१ चं, २०१६ मध्ये सुधारलेलं) वाचायला घेतलं की ते कोरडं वाटत नाही. डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या मानकातले १५ घटकही त्याच फायलींना लावून बघा. 'निर्माता' आणि 'प्रकाशक' यांतला फरक तेव्हाच नीट कळतो.

ज्ञान व्यवस्थापनाचं, म्हणजे माणसांच्या अनुभवातलं ज्ञान जपण्याचं, जरा वेगळं आहे. सांगता येतं त्याहून जास्त आपल्याला ठाऊक असतं, हे तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांचं म्हणणं इथे रोज पटतं. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला "सगळं लिहून द्या" म्हटलं की चार पानं मिळतात. त्यांच्या शेजारी बसून "आत्ता इथे का थांबलात?" असं विचारलं की खरं काय ते हाती लागतं. असं विचारायची सवय प्रमाणपत्राच्या बहुपर्यायी परीक्षेतून येत नाही, ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.