मदत हवी आहे: मुंगळ्यांचं मूळ घर ओकमध्ये की डेकमध्ये?

न्यू जर्सीत घरामागे जंगल आहे. तिथल्या वाळून उभ्या असलेल्या ओकच्या बुंध्याशी भुसा पडतो. त्यात किड्यांचे पाय-पंखही सापडले, म्हणजे वाळवी नाही, लाकूड पोखरून घर करणारे काळे सुतार मुंगळेच. रात्री टॉर्चला लाल कागद लावून माग काढला. रांग ओकपासून थेट डेकच्या (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या) खांबापर्यंत जाते. साखर-बोरॅक्सच्या आमिषावर आधी झुंबड उडाली, मग कोणी फिरकेना. खांब कोरडा आहे, ठोकल्यावर भरीव वाजतो.

राणी नि अंडी ओलसर, कुजक्या लाकडात असतात, कोरड्यात नुसती पोटवसाहत, एवढं माहीत आहे. ओक तोडायचा नाही (मोठा सुतारपक्षी त्याच मुंगळ्यांवर ताव मारतो!). शेजारी भाजीचे वाफे आहेत, म्हणून फवारणीही नको.

मूळ घर ओकमध्येच आहे हे खोड न फोडता कसं ओळखावं? आणि असलं, तर डेककडची वाट तोडून भागेल का?