मोरचूद आणि लोहकीस: उत्तर १.५९ ग्रॅम की १.५५ ग्रॅम?

प्रश्न

अकरावीच्या सरावसंचातील एक उदाहरण दोन दिवस अडले आहे. "मोरचुदाचे ४.९९ ग्रॅम निळे स्फटिक पाण्यात विरघळवून त्या द्रावणात १.४० ग्रॅम लोहकीस टाकला. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर मिश्रण गाळले, तर गाळणकागदावरील घन पदार्थाचे धुऊन वाळवल्यानंतरचे वस्तुमान किती?" अणुवस्तुमाने तांबे ६३.५, लोह ५६, गंधक ३२, ऑक्सिजन १६ आणि हायड्रोजन १ अशी दिली आहेत.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याचे रेणुवस्तुमान १५९.५ धरल्यावर मला त्याचे ०.०३१३ मोल मिळाले. लोह ०.०२५ मोल असल्यामुळे ते आधी संपते, तेवढेच मोल तांबे सुटते आणि ०.०२५ गुणिले ६३.५ म्हणजे सुमारे १.५९ ग्रॅम उत्तर येते. छापलेले उत्तर मात्र १.५५ आहे. दशांशस्थळांचा घोळ असेल असे समजून लोहाचे अणुवस्तुमान ५५.८५ घेऊन पाहिले, तर उत्तर आणखी किंचित वर सरकले. ही छपाईची चूक समजावी का?

पहिले उत्तर

छापलेले उत्तर बरोबर आहे. तुमचे उत्तर त्याच्या जवळ आले हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यानेच तुमची दिशाभूल केली.

उदाहरणात "निळे स्फटिक" हे शब्द सहज आलेले नाहीत. निर्जल कॉपर सल्फेट पांढरे असते. निळा रंग आहे याचाच अर्थ स्फटिकजल आहे, म्हणजे कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू आहेत. परीक्षानळीत मोरचूद तापवला की नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि खाली पांढरी भुकटी उरते, हा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. म्हणून रेणुवस्तुमान १५९.५ अधिक ९० म्हणजे २४९.५ घ्यायला हवे आणि ४.९९ ग्रॅम म्हणजे नेमके ०.०२ मोल होतात.

आता चित्र उलटते. आधी संपते ते कॉपर सल्फेट, आणि उरते ते लोह. तांबे ०.०२ गुणिले ६३.५ म्हणजे १.२७ ग्रॅम सुटते, ०.००५ मोल म्हणजे ०.२८ ग्रॅम लोह तसेच राहते, आणि गाळणकागदावर दोन्ही मिळून १.५५ ग्रॅम भरतात. पडताळा हवा असेल तर असा विचार करा की एक मोल लोह जाऊन एक मोल तांबे आले की घन पदार्थ ७.५ ग्रॅमने वाढतो, येथे ०.०२ मोलांची अदलाबदल झाली, म्हणून १.४० मध्ये ०.१५ ची भर पडली.

तुमचे उत्तर खरे असते तर गाळलेले द्रावण निळे दिसले असते, कारण त्यात न वापरलेले कॉपर सल्फेट उरले असते. प्रत्यक्षात ते फेरस सल्फेटमुळे फिकट हिरवट दिसेल. शिल्लक लोह ओळखायला लोहचुंबक फारसा उपयोगी नाही, कारण लोहाच्या कणांवर तांब्याचा थर बसलेला असतो आणि चुंबक दोन्ही एकदमच उचलतो. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र लोह बुडबुडे सोडत विरघळते आणि तांबे तळाशी राहते.

प्रश्नकर्ता

स्फटिकजल पूर्णपणे नजरेतून सुटले होते. एक उपप्रश्न आहे. लोहाची संयुजा ३ सुद्धा असते, मग येथे २ च का धरायची? फेरिक सल्फेट तयार झाले तर मोलांचे प्रमाणच बदलेल.

दुसरे उत्तर

शंका रास्त आहे. फेरिक आयन (संयुजा ३ चे लोह) या मिश्रणात टिकू शकत नाही, कारण तो धातुरूप लोहाशी अभिक्रिया करून स्वतः फेरस (संयुजा २) होतो आणि त्या लोहालाही फेरस करतो. इतकेच नव्हे, तो तांबेसुद्धा विरघळवतो. सर्किट बोर्डावरील नको असलेले तांबे काढण्यासाठी फेरिक क्लोराइड वापरतात ते याच गुणधर्मामुळे. गाळलेले हिरवट द्रावण उघडे ठेवले तर हवेतील ऑक्सिजनमुळे पुढे पिवळसर तपकिरी होते, पण ती नंतरची गोष्ट आहे आणि तुमच्या उदाहरणात ती धरायची नाही.

तिसरे उत्तर

आमची द्राक्षबाग असल्यामुळे ही अभिक्रिया आम्ही गणित न मांडता वापरतो. केवडा या बुरशीजन्य रोगावर फवारायचे एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) करताना १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि साधारण तितकाच कळीचा चुना लागतो. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या पिंपात आणि चुना दुसऱ्या पिंपात वेगळा भिजवून मग दोन्ही एकत्र करतात. त्यानंतर घासून लख्ख केलेले विळ्याचे पाते थोडा वेळ मिश्रणात बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि ते पाने जाळणार, म्हणून थर चढणे थांबेपर्यंत चुन्याची निवळी वाढवत जायची.

पहिल्या वर्षी मी मोरचूद लोखंडी पिंपात रात्रभर भिजवला होता. सकाळी पिंपाच्या आतल्या बाजूला तांब्याचा पापुद्रा धरलेला होता, निळेपणा बराच उतरला होता, आणि ते द्रावण फेकून द्यावे लागले.