१० गुण म्हणजे निदान नव्हे
पीएचक्यू-९ या प्रश्नावलीतल्या नऊ प्रश्नांवरून नैराश्य कसं कळणार, असं कुणीतरी विचारलंय. कळत नाहीच! पीएचक्यू-९ ही नुसती चाळणी आहे. गेल्या २ आठवड्यांत त्रास किती दिवस झाला, त्यावर प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर पुढे तपासून घ्यावं, इतकंच. चिंतेसाठीची सात प्रश्नांची जीएडी-७ तशीच, कमाल गुण २१.

खरी गोम झोप, थकवा, भूक या प्रश्नांत आहे. थायरॉइड बिघडलेला किंवा घरी तान्हं बाळ असलेला माणूस मन ठीक असूनही तिथेच ५-६ गुण गोळा करू शकतो. शिवाय बऱ्याच सर्वेक्षणांत आत्महत्येच्या विचारांचा नववा प्रश्न गाळून उरलेल्या आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ वापरतात. कारण त्या प्रश्नाला फोनवर कुणी ‘हो’ म्हणालं, तर विचारणाऱ्याने त्या क्षणी करायचं काय?