फ्लुओ-४: थॅप्सिगार्जिन न देताही कॅल्शियम आत येतंय

टिळकवाडी_सेल:
उंदराच्या महाधमनीच्या बाहेरच्या थरातल्या स्का-१ पॉझिटिव्ह (मूळपेशींची खूण असलेलं प्रथिन अंगावर असणाऱ्या) पेशी. फ्लुओ-४ एएम (कॅल्शियमला चिकटला की चमकणारा डाय) ५ मायक्रोमोलर, सीरमवाल्या मीडियात ३७ अंशांवर तासभर. डाय ठिपक्याठिपक्यांनी बसतोय. ६० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडला पेशी ढिम्म. शून्य-कॅल्शियममध्ये १५ मिनिटं ठेवून २ मिलिमोलर परत दिलं की थॅप्सिगार्जिनची (पेशीतला कॅल्शियमचा साठा रिकामा करणारं औषध) आणि नुसत्या डीएमएसओची (ते विरघळवायचं द्रावक, म्हणजे कंट्रोल) डिश सारखीच उसळी मारते. पेशीच बिघडल्यात काय ओ?

खानापूर_लॅब:
पेशींना दोष देऊ नका. १५ मिनिटं फार झाली. ईजीटीएच्या (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) बफरात एवढा वेळ बसवलं की पेशीतल्या ईआर जाळीतला कॅल्शियमचा साठा आपोआप गळतो. ते साठ्यावर नजर ठेवणाऱ्या स्टिम-१ प्रथिनाला कळतं, तो ओराय-१ (पेशीच्या पडद्यातलं कॅल्शियमचं दार) उघडतो, मग थॅप्सिगार्जिनला करायला उरतं काय? बेसलाइन २ मिलिमोलर कॅल्शियममध्येच घ्या, शून्यावर २ मिनिटं, लगेच थॅप्सिगार्जिन १ मायक्रोमोलर. आलेख वर जाऊन खाली बसला की मगच कॅल्शियम. डीएमएसओच्या डिशलाही तेवढाच वेळ द्या. आणि ०.५ मिलिमोलर ईजीटीए असलेल्या बफरात कॅल्शियम ओतू नका, बफरच बदला. कॅल्शियम धरताना ईजीटीए प्रोटॉन सोडतो, सामू ढळतो. शिवाय मोकळं कॅल्शियम २ ऐवजी १.५ च राहतं.

कॉन्फोकल४८८:
ठिपके ३७ अंशांमुळे. डाय पेशीतल्या कप्प्यांत शिरतो. सीरममधली एस्टरेझ विकरं तो बाहेरच तोडतात. ५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ४५.६ मायक्रोलिटर डीएमएसओ घातलं की १ मिलिमोलर होतो. त्यात तेवढंच २० टक्के प्लुरॉनिक (डाय पाण्यात विखुरायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ) मिसळा, मिलिलिटरला ८ मायक्रोलिटर घ्या. सीरम नसलेला हेपिस बफर, २५ अंश, ३० मिनिटं. धुऊन आणखी २५ मिनिटं अंधारात. आपल्याकडे एप्रिलात एसी बंद असला तर खोलीच तिशीपार जाते, तेव्हा बफरमध्येच थर्मामीटर बुडवून बघा.
पोटॅशियमला गप्प राहणं मात्र साहजिक आहे, या पेशींत एल-टाइप चॅनेल (पोटॅशियम दिल्यावर उघडणारी कॅल्शियमची दारं) जेमतेम असतात. डाय नीट बसलाय का ते १०० मायक्रोमोलर एटीपीने (त्याने पेशी साठ्यातलं कॅल्शियम सोडते) तपासा, शेवटी आयनोमायसिन (कॅल्शियम थेट पेशीत घुसवणारं) द्या.

खानापूर_लॅब:
एक राहिलंच. थॅप्सिगार्जिन बफर वाहणाऱ्या नळीच्या प्लॅस्टिकला चिकटून राहतं. कंट्रोल डिश आधी चालवा किंवा तिला वेगळी नळी ठेवा. बाटल्या बोअरच्या पाण्याने धुऊन तशाच वाळवत असाल तर तेही थांबवा, त्या क्षारांतलं कॅल्शियम थेट तुमच्या शून्य बफरात उतरतं.