मदत हवी आहे: अर्जात 'बोगस' लिहू, 'स्पुरियस' लिहू की आणखी काही?

मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहितोय. काकांनी जूनच्या सुरुवातीला ठिबकवर बीटी कापूस लावला. उगवण इतकी विरळ की नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायच्या म्हटलं तरी दुसरी लागवडच होईल. ओळीत उकरून बघितलं तर पाणी पुरेसं असूनही सरकी फुगलेलीच नाही, चिमटीत दाबली की आतून काळपट भुसा. काकांनी निकाल देऊन टाकला, "हाई बियानं बोगस शे!"

तक्रार अर्ज मी लिहितोय. दुकानदार म्हणतो 'बोगस' लिहू नका, कंपनी उलटेल. चुलत भाऊ फार्मसीला आहे, तो म्हणतो 'स्पुरियस' लिही. गल्लीत सगळे 'डुप्लिकेट' म्हणतात. पेपरात दर खरिपाला 'बोगस बियाणे' हाच मथळा. यातला कुठला शब्द कुठे चालतो, आणि कृषी खात्याला कुठला कळतो?

प्रतिसाद, पारोळा
भाऊ, दुकानदार स्वतःची कातडी वाचवत असेल, पण बोलतोय बरोबर. 'बोगस' हा अमेरिकेतला शब्द. १८२७ च्या सुमारास ओहायोत खोटी नाणी पाडायच्या यंत्राला बोगस म्हणत, पुढे त्या नाण्यांनाच म्हणू लागले. म्हणजे हा शब्द वापरला की समोरच्याने ठरवून फसवलं असा आरोप होतो. तुमच्या हातात पुरावा आहे तो फक्त न उगवल्याचा. खऱ्या कंपनीचं खरं बियाणंही जुनं होऊन मेलेलं असू शकतं. ते नापास, बोगस नव्हे.

'डुप्लिकेट' म्हणजे इंग्रजीत नुसती दुसरी प्रत. डुप्लिकेट पावती मागितली तर त्यात लबाडी कसली? दुसऱ्याचा मार्का छापून विकलेलं पाकीट असेल तर त्याला 'काउंटरफिट' म्हणतात, आणि ते प्रकरण पोलिसांत जातं. 'स्पुरियस' म्हणजे बनावट, तो शब्द औषधांच्या १९४० च्या कायद्यात आहे, भावाने तिथूनच उचललाय. फवारणीच्या औषधाचा नमुना नापास झाला की रिपोर्टवर 'मिसब्रँडेड' येतं, म्हणजे लेबलवर लिहिलंय ते बाटलीत नाही. बियाण्यांच्या १९६६ च्या कायद्यात मात्र 'बोगस' कुठेच नाही. तिथे किमान उगवणशक्ती बघतात, संकरित कापसाला ७५ टक्के. नमुना त्याखाली गेला की खातं 'अप्रमाणित' म्हणतं.

प्रतिसाद, शिरपूर
आधी सांगा, माल बिलाचा आहे ना? गुजरातेतून येणारं चोर बीटी असेल तर अर्ज टिकणार नाही. गंमत अशी की ते बहुतेक वेळा खोटं नसतं! तणनाशक मारलं तरी झाड उभंच राहतं. फक्त त्याला परवानगी नाही. बोंडअळी रोखणाऱ्या बीटीला २००२ साली मिळाली, तणनाशक सोसणाऱ्या वाणाला नाही. बिल नाही, लॉट नाही, मग भांडणार कुणाशी? आमच्या शिवारात पोळलेले बरेच आहेत, बोलत कुणी नाही.

धागाकर्ता
बिल आहे दादा. ४७५ ग्रॅमची चार पाकिटं, पावतीवर लॉट नंबर आहे. रिकामी पाकिटं काकूने धने भरायला घेतली होती, ती परत मिळाली. मूठभर सरकीही उरलीय.

प्रतिसाद, पारोळा
मग विशेषणांचा नाद सोडा. सरळ लिहा: "सदर लॉटच्या बियाण्याची उगवण अत्यंत कमी झाली आहे. क्षेत्राची पाहणी करून पंचनामा व्हावा." लागवडीची तारीख, गट नंबर, पावतीची झेरॉक्स जोडा. अर्ज पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. तालुका तक्रार निवारण समिती शेतात येते. ती येईपर्यंत निदान काही ओळी तशाच ठेवा, सगळं मोडून नवीन लावलं तर समिती बघणार काय? उरलेली सरकी ओल्या गोणपाटात घालून बघायचा मोह होईल, पण ती जपून ठेवा.

समितीच्या अहवालाची प्रत मागून घ्या, ग्राहक आयोगात तीच कामाला येते. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगितलंय.

धागाकर्ता
आभारी आहे. अजून एक. कंपनीचा माणूस आज येऊन गेला. म्हणतो, नवीन पाकिटं देतो, एका कागदावर सही करा. काका तयार झालेत.

प्रतिसाद, शिरपूर
पाकिटं घ्या, पण कागद आधी वाचा. 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं असलं तर काकांना सही करू देऊ नका. कागदाचा फोटो इथे टाका, नाव-गाव झाकून.